बाळ हाकेला वळत नाही, तेव्हा

सप्टेंबर २०२५ मधल्या एकाच आठवड्यात अमेरिकेतून तीन बातम्या आल्या आणि तिन्ही शिरूर-दौंडच्या घरांपर्यंत पोचल्या. १९ सप्टेंबरला एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जासाठी एक लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ८८ लाख रुपये भरावे लागतील, असा आदेश निघाला. २२ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी व्हाइट हाउसमधून गरोदर स्त्रियांना टायलेनॉल टाळण्याचा सल्ला दिला आणि त्याचा संबंध मुलांच्या ऑटिझमशी जोडला. टायलेनॉल म्हणजे आपल्याकडची पॅरासिटामोलची गोळी. २३ सप्टेंबरला यूट्यूबच्या मालक कंपनीने अमेरिकी संसदेच्या समितीला कळवले, की करोनाविषयीच्या जुन्या नियमांखाली कायमची बंद केलेली खाती चालवणाऱ्यांना परतण्याची संधी दिली जाईल.

पहिल्या बातमीने ज्यांचा मुलगा किंवा जावई तिकडे नोकरीला आहे त्यांची झोप उडाली. पण उरलेल्या दोन बातम्या व्हिसाशी काही देणेघेणे नसलेल्या घरांतही शिरल्या. रांजणगावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या तरुणाच्या फोनवर 'गरोदर बाईला तापाची गोळी देऊ नका' असा मेसेज येतो. घरी बायकोला सहावा महिना असतो, अंगात ताप असतो. गोळी समोर आहे, पण द्यायची की नाही? वादविवाद वॉशिंग्टनमध्ये झाला तरी त्याची किंमत अशी इथल्या घरात मोजली जाते.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. मेंदूची वाढ थोड्या वेगळ्या रीतीने झाल्यामुळे मुलाच्या बोलण्यात, इतरांशी जोडून घेण्यात आणि वागण्यात जो फरक दिसतो, त्याला हे नाव आहे. ही अवस्था सगळ्या मुलांत एकसारखी नसते. एखादे मूल मुळीच बोलत नाही, तर दुसरे पाढे धडाधडा म्हणते, पण 'तुला भूक लागली का?' या प्रश्नाला उत्तर देत नाही.

तापाची गोळी दोषी आहे का?

हा प्रश्न हवेतून आलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ४६ अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. गरोदरपणात पॅरासिटामोल घेणाऱ्या स्त्रियांच्या मुलांमध्ये मेंदूच्या वाढीच्या तक्रारी काहीशा जास्त आढळतात, असे त्यातल्या अनेक अभ्यासांत दिसले होते. मात्र गोळी बंद करा, असे त्या आढाव्याच्या लेखकांनीही म्हटले नव्हते. गरजेपुरती, कमीत कमी मात्रेत आणि कमीत कमी दिवस घ्यावी, असा त्यांचा सल्ला होता.

दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असे होत नाही. गोळी घेणारी बाई उगाच गोळी घेत नाही. तिला ताप असतो, जंतुसंसर्ग असतो, अर्धशिशी असते. त्या आजाराचा परिणाम बाळावर होतो की गोळीचा, हे वेगळे कसे काढायचे? शिवाय आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा वाटा असतोच.

स्वीडनमधल्या संशोधकांनी यावर चांगली युक्ती केली. १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. सगळ्यांची एकत्र तुलना केली तेव्हा किंचित फरक दिसला. वयाच्या दहा वर्षांपर्यंत ऑटिझमचे निदान होण्याचे प्रमाण गोळी न घेतलेल्या गटात १.३३ टक्के, तर घेतलेल्या गटात १.५३ टक्के होते. मग त्यांनी एकाच आईची मुले घेतली. एका बाळाच्या वेळी तिने गोळी घेतली होती, दुसऱ्याच्या वेळी नाही. घर तेच, आई तीच, बरीचशी जनुकेही तीच. या भावंडांच्या तुलनेत तो फरक उरलाच नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास या विषयावरच्या सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक आहे.

ट्रम्प यांच्या वक्तव्यानंतर दोनच दिवसांनी जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले, की गरोदरपणातील पॅरासिटामोल आणि ऑटिझम यांचा संबंध सिद्ध करणारा निर्णायक पुरावा नाही.

उलट, गरोदरपणात अंगावर काढलेला तीव्र ताप आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचा असतो. पॅरासिटामोल टाळून आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली, तर प्रकरण आणखी बिघडू शकते, कारण गरोदरपणाच्या उत्तरार्धात ती बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला बाधू शकते. म्हणून ताप आल्यास डॉक्टरांना विचारून पॅरासिटामोल घ्यावी आणि ताप कशामुळे आला ते शोधावे. डेंग्यू, मलेरिया किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असेल, तर त्यावर वेगळे उपचार लागतात.

एका औषधाबाबत मात्र खरोखर सावध राहायला हवे. फिट येऊ नये म्हणून दिले जाणारे व्हॅल्प्रोएट गरोदरपणात घेतल्यास बाळाला जन्मजात व्यंगाचा आणि ऑटिझमचा धोका वाढतो, याचा पुरावा भक्कम आहे. फिटची गोळी सुरू असलेल्या स्त्रीने मूल होऊ देण्याचा विचार करण्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घ्यावे. परस्पर बंद करू नये. गरोदरपणात फिट येणे हेही जिवावरचे असते.

लस आणि योगायोग

लसीवरचा संशय याहून जुना आहे. १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड यांचा अवघ्या १२ मुलांवरचा निबंध आला आणि गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीवर बोट ठेवले गेले. पुढे त्यातल्या नोंदींची मोडतोड आणि लेखकाचे आर्थिक हितसंबंध उघड झाले. २०१० मध्ये निबंध मागे घेतला गेला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदणीतून काढून टाकण्यात आले. डेन्मार्कमध्ये ६ लाख ५७ हजारांहून अधिक मुलांचा पाठपुरावा करून २०१९ मध्ये निष्कर्ष मांडला गेला, की ही लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमचे प्रमाण जास्त नाही.

तरीही संशय मरत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, आपल्या संकेतस्थळावरचा मजकूर बदलून हा वाद पुन्हा पेटवला. डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने पुरावे नव्याने तपासून लसींमुळे ऑटिझम होत नाही, हे पुन्हा सांगितले.

आईबापांना मात्र डोळ्यांसमोर घडलेले खरे वाटते. आपल्याकडे गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यात आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. मूल हाकेला वळत नाही, बोट दाखवत नाही, शिकलेले शब्द विसरले, या गोष्टी नेमक्या बारा ते चोवीस महिन्यांच्या काळात ध्यानात येतात. लस आणि लक्षणे यांची वेळ जुळते म्हणून कारण जुळत नाही. याच वयात मुलाला दाढाही येतात, पण दाढांना कोणी दोष देत नाही.

यातला विरोधाभास असा, की गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळाला बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयाचे दोष होऊ शकतात आणि ऑटिझमचा धोकाही वाढतो. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत रुबेलाची मोठी साथ आली, तेव्हा जन्मलेल्या मुलांच्या पाहणीत हे आढळले. म्हणजे ज्या लसीला दोष दिला जातो, ती ऑटिझमचे एक माहीत असलेले कारण टाळते. लस चुकवली की काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०२२ च्या अखेरीस मुंबईच्या गोवंडी परिसरात गोवरची साथ पसरली आणि लहान मुले दगावली.

पुन्हा आईच आरोपी

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यानंतरची जवळपास दोन-तीन दशके, आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले, ही समजूत डॉक्टरांमध्येही होती. ती साफ चुकीची ठरली. पण आईला आरोपी करण्याची सवय गेली नाही. आपल्याकडे ग्रहणात विळी हातात घेतली, पथ्य पाळले नाही, नोकरी सोडली नाही, पोराला मोबाइल दिला, अशी यादी सुनेसाठी तयारच असते. तापाची गोळी घेतल्याचा ठपका आता त्याच यादीत जाऊन बसतो.

विज्ञान काय सांगते? २०१९ मध्ये पाच देशांतल्या वीस लाखांवर मुलांच्या नोंदींवरून असा अंदाज निघाला, की कोणाला ऑटिझम होतो आणि कोणाला नाही, या फरकामागे सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिक घटकांचा असतो. यात एकच जनुक नसते. शेकडो जनुकांचा थोडाथोडा भाग असतो आणि तो आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो. आईवडिलांचे वाढलेले वय आणि फार आधी झालेली प्रसूती यांचाही काही संबंध दिसतो. मोबाइलमुळे ऑटिझम होतो, हे सिद्ध झालेले नाही. पण दोन वर्षांच्या मुलाच्या हातात तासन्तास पडदा दिला, तर माणसांशी बोलण्याचे तास कमी होतात. ज्या मुलाला बोलणे आधीच अवघड जाते, त्याचे नुकसान त्यातून वाढते.

आकडे का वाढले?

अमेरिकेच्या सीडीसीच्या पाहणीत २००० साली आठ वर्षांच्या १५० मुलांमागे एकाला ऑटिझम होता. २०२२ च्या नोंदींत तेच प्रमाण ३१ मागे एक झाले. यातला मोठा भाग निदानाची व्याख्या रुंदावल्याचा, तपासणी वाढल्याचा आणि निदान झाले की शाळेत मदत मिळते म्हणून ते करून घेण्याचा आहे. सगळी वाढ एवढ्यानेच होते का, यावर संशोधकांमध्ये अजून चर्चा आहे.

भारतात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उत्तर गोव्यासह पाच ठिकाणच्या दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. तिथे ऑटिझमचे प्रमाण साधारण शंभरात एक निघाले. म्हणजे हजार मुले असलेल्या गावांच्या पट्ट्यात अंदाजे दहा मुले. ती कुठे आहेत? बरीचशी 'मंद', 'हट्टी', 'मुका' किंवा 'लाडावलेला' या नावांखाली घरात असतात.

अमेरिकेत वाढणाऱ्या नातवाला शिरूरची आजी व्हिडिओ कॉलवर हाका मारते. तो पंख्याकडे बघत राहतो. 'अगं, आपल्याकडचे मुलगे उशिराच बोलतात,' असे ती सुनेला सांगते. धीर द्यावा हा तिचा हेतू असतो, पण त्या वाक्यात कित्येक घरांची दोन-दोन वर्षे जातात. तिकडे तीन वर्षांखालील मुलांसाठी सरकारी मदतीची सोय आहे आणि पुढे सरकारी शाळेला अशा मुलासाठी वेगळा आराखडा करावा लागतो. व्हिसा गेल्यामुळे परतणाऱ्या कुटुंबाची ही साखळी एका झटक्यात तुटते. अशांनी मुलाचे सगळे अहवाल आणि शाळेचा आराखडा सोबत आणावा आणि इकडे आल्याबरोबर नोंदणी करावी.

कधी दाखवावे?

पुढील खुणा घरच्या माणसाला कोणत्याही यंत्राविना दिसतात.

सहा ते नऊ महिन्यांत हसण्याला हसून उत्तर नाही. वर्षाचे झाले तरी नावाने हाक मारल्यावर वळत नाही. चौदा-पंधरा महिन्यांत हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, आपलाच हात धरून तिकडे नेते. सोळा महिन्यांत एकही अर्थाचा शब्द नाही. दोन वर्षांत 'दूध दे', 'बाबा ये' अशी दोन शब्दांची जोडी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणत्याही वयात आलेले शब्द गेले.

यातली एखादी खूण दिसली म्हणजे ऑटिझमच आहे, असे नव्हे. मुलाला ऐकू कमी येत असेल, तरी ते हाकेला वळत नाही. म्हणून आधी कानांची तपासणी करावी. पण 'पाच वर्षांचा होऊ दे, बोलेल' असे म्हणून थांबू नये. मेंदू झपाट्याने घडण्याची वर्षे हीच असतात.

शिरूर-दौंडमध्ये वाट कुठून सुरू होते?

सुरुवात घराजवळच होते. आशाताई मुलाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येतात. लक्षणे दिसू लागतात तेव्हाच या भेटी संपतात. म्हणून पंधराव्या महिन्याच्या भेटीत वजन-उंचीबरोबर 'बोट दाखवतो का, हाकेला वळतो का' हे आईने स्वतःहून सांगावे.

पुढची पायरी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. तो ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातूनच, पालघरहून सुरू झाला. त्याचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची मोफत तपासणी करते, त्यात वाढीतला विलंबही येतो. पथक येणार त्या दिवशी मूल हजर हवे. 'तो रडतो, कोणाशी बोलत नाही' म्हणून ज्याला घरी ठेवले जाते, त्याचीच तपासणी सर्वांत गरजेची असते.

संशय आला तर पथक मुलाला औंधच्या जिल्हा रुग्णालयातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवते. तिथे बालरोगतज्ज्ञ, वाचा आणि श्रवण तपासणारे, मानसशास्त्राचे जाणकार एका छताखाली असावेत, अशी या केंद्रांची रचना आहे. अडचण अंतराची आहे. शिरूरहून पुणे सत्तर किलोमीटरच्या आसपास, दौंडहून रेल्वेने सुमारे पंचाहत्तर. आठवड्याला एक फेरी म्हणजे एका माणसाचा एक रोज बुडाला. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर अनेक कुटुंबे येणे सोडतात, याचे कारण बेफिकिरी नसते.

ऊसतोडीच्या कोपीवरचे मूल तर दोन्हीकडून सुटते. गावाकडच्या अंगणवाडीत पथक येते तेव्हा ते दौंडच्या उसाच्या फडाशेजारी असते आणि इथल्या अंगणवाडीच्या यादीत त्याचे नाव नसते. हंगामात कोप्यांवर जाऊन तपासणी केली, तरच हे मूल सापडेल.

गोव्याने दाखवलेली वाट

तज्ज्ञ तालुक्यात येणे अवघड असेल, तर त्यांचे कसब तालुक्यात आणता येते का? याचे उत्तर जवळच, गोव्यात मिळाले आहे. 'संगाथ' संस्थेच्या संशोधकांनी गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे मिळून ६५ मुलांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त २०१६ मध्ये आले.

त्यांनी तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिले. हे कार्यकर्ते सहा महिन्यांत बारा वेळा कुटुंबाला भेटत. आई किंवा वडील मुलाशी खेळतानाचे छोटे चित्रीकरण करत आणि मग दोघे मिळून ते पाहत. इथे मुलाने तुमच्याकडे पाहिले, तिथे त्याला झाकण उघडून हवे होते, तुम्ही प्रश्न विचारत राहिलात तेव्हा ते थांबले, असे क्षण शोधत. पुढचे पंधरा दिवस रोज अर्धा तास आईवडिलांनी तसाच सराव करायचा. आईवडील मुलाच्या कलाने बोलू लागले आणि मुले स्वतःहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. प्रयोग लहान होता आणि सर्वच बाबतींत सुधारणा दिसली नाही. पण प्रशिक्षित ताई आणि फोनचा कॅमेरा एवढ्यावर काम सुरू होऊ शकते, हे त्याने दाखवले.

यातला गाभा कोणत्याही घरात आजपासून करता येतो. मुलाच्या समोर, त्याच्या उंचीला बसावे. ते ज्याच्याशी खेळते त्याचेच नाव घ्यावे. 'हे काय? ते काय?' असा भडिमार न करता छोटी वाक्ये बोलावीत आणि थांबावे. त्याने आवाज काढला, नजर टाकली, हात पुढे केला, की लगेच प्रतिसाद द्यावा.

चमत्काराच्या दुकानांपासून दूर

त्याच सप्टेंबरमध्ये ल्युकोव्होरिन या औषधाचाही गाजावाजा झाला. ते मूळचे कर्करोगाच्या काही उपचारांत वापरले जाणारे औषध. मेंदूला फोलेट कमी पोचण्याच्या एका दुर्मीळ विकारात त्याचा उपयोग होतो. सर्वच स्वमग्न मुलांना ते द्यावे, इतका पुरावा नाही. आणि गरोदरपणातली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी वेगळी. ती चुकवू नये.

मूलपेशी उपचारांच्या जाहिराती त्याहून महाग आहेत. ऑटिझमसाठी असे उपचार मान्यताप्राप्त संशोधनाबाहेर करू नयेत, ही भूमिका भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत होती. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही या उपचाराची शिफारस करता येत नाही, असे सांगितले. अर्धा एकर विकून मिळालेले पैसे अशा इंजेक्शनांत घालण्यापेक्षा वाचा उपचार, शाळा आणि प्रवासाला पुरवलेले बरे.

कायद्याचा आधारही आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे. सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत नोंदणी झालेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विम्याचे संरक्षण आहे. प्रमाणपत्र काढले म्हणजे मुलावर शिक्का बसला, असे समजून अनेक पालक मागे फिरतात. तो शिक्का नसतो, शाळेत आणि परीक्षेत सवलत मागण्याचा आधार असतो.

फोनवर कोण काय बोलू शकतो, यावर अमेरिकेत वाद चालू राहील. फेसबुकच्या मालक कंपनीने जानेवारी २०२५ मध्येच तिथली बाहेरच्या संस्थांकडून होणारी तथ्यतपासणी थांबवण्याचे जाहीर केले होते. म्हणजे पडद्यावर येणारे गाळण्याचे काम दिवसेंदिवस पाहणाऱ्यावरच येत आहे. मेसेज पुढे पाठवण्याआधी एवढेच पाहावे : यात गोळी, लस किंवा डॉक्टर सोडायला सांगितले आहे का? काही विकत घ्यायला सांगितले आहे का? दोन्हींपैकी एकाचे उत्तर 'हो' असेल, तर तो मेसेज आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवावा.

ऑटिझम कशामुळे होतो, याचे पूर्ण उत्तर मिळायला अजून वर्षे लागतील. पण हाकेला न वळणाऱ्या दीड वर्षाच्या मुलासाठी काय करायचे, ते आजच माहीत आहे. या आठवड्यात त्याचे कान तपासून घ्यावेत, अंगणवाडीत त्याचे नाव सांगावे आणि संध्याकाळी अर्धा तास फोन बाजूला ठेवून त्याच्यासमोर जमिनीवर बसावे.